तान्ह्या बाळाचा श्वास थांबला तर: छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या पट्ट्यात ज्या घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे, त्या घरासाठी हे लिहिते आहे. वाचायचं फक्त आईनं नाही. बाळाला जी जी माणसं सांभाळतात त्या सगळ्यांनी वाचावं: आज्जी, आजोबा, आत्या, बाबा, शेजारची वहिनी, अंगणवाडीच्या बाई, आशाताई. वेळ येते तेव्हा आई नेमकी मागच्या दारी असते आणि बाळ दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं.

बाकीचं सगळं विसरलात तरी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. बाळ हाकेला हलत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर त्याला छातीशी कवटाळून दवाखान्याकडे पळत सुटू नका. जिथं आहात तिथंच खाली ठेवा आणि छाती दाबायला सुरुवात करा. आपल्याकडे पहिली धाव गाडीकडेच असते, हे मला ठाऊक आहे. पण श्वास आणि रक्त दोन्ही थांबल्यावर मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा व्हायला लागते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूनं पावसाळ्यात निघालात तर तेवढ्या वेळात गाडी गावाची वेससुद्धा ओलांडत नाही. खुद्द बेळगाव शहरात राहणाऱ्यालाही तेवढ्यात तातडीच्या विभागात पोचणं कठीण. ती पहिली मिनिटं घरातल्या माणसांच्याच हाती असतात.

दुसरी गोष्ट थोडी समजून घ्यायला हवी. मोठ्या माणसाचं हृदय बऱ्याचदा हृदयाच्याच दुखण्यानं अचानक बंद पडतं. तान्ह्या बाळाचं सहसा तसं होत नाही. त्याचा आधी श्वास अडतो. दूध किंवा शेंगदाणा घशात जातो, बादलीत तोंड बुडतं, न्युमोनियानं दम लागून लागून बाळ थकतं. अंगातला प्राणवायू संपत जातो आणि मग हृदय मंदावून थांबतं. म्हणून मोठ्यांसाठी शिबिरांत शिकवतात तसं नुसतं छाती दाबणं बाळाला पुरत नाही. दाबणं आणि श्वास देणं, दोन्ही लागतं. तोंडाला तोंड लावणं कुणाला जमलंच नाही तर नुसतं दाबावं, काहीच न करण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. पण जमत असेल तर श्वास सोडू नका.

आधी ओळखा

बाळापर्यंत जाण्याआधी एक नजर आजूबाजूला टाका. उघडी वायर, सांडलेलं रॉकेल, धूर असं काही असेल तर आधी बाळाला तिथून बाजूला घ्या.

मग तळपायावर जोरात टिचकी मारा आणि मोठ्यानं हाक द्या. बाळाला गदागदा हलवू नका. त्याची मान लुळी असते आणि त्या हिसक्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हाकेला काहीच प्रतिसाद नसेल तर छाती आणि पोटाकडे बघा. बाळ पोटानं श्वास घेतं, म्हणून पोट बघायला विसरू नका. यात दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. मधूनच एखादा आचका देऊन तोंड उघडणं म्हणजे श्वास नव्हे, त्याला श्वास थांबलाच असं धरा. सावळ्या बाळाच्या कातडीवरून निळेपणा कळत नाही, तेव्हा ओठांच्या आत आणि जिभेवर बघा.

तापात झटके येऊन बाळ ताठ झालं असेल, पण श्वास चालू असेल, तर छाती दाबायची नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि दवाखान्यात न्या.

नाडी बघत बसणं हे घरच्यांचं काम नाही. नर्स किंवा इतर प्रशिक्षित माणूस असाल तर दंडाच्या आतल्या बाजूला नाडी बघा, तीही दहा सेकंदांतच. ठोके मिनिटाला 60 च्या खाली आणि बाळ फिकट, थंड, निपचित असेल, तर नाडी लागते आहे म्हणून थांबू नका, दाबायला लागा. ठोके चांगले आहेत पण श्वास नाही, तर दर दोन-तीन सेकंदांनी एक श्वास देत राहा.

फोन

मोठ्यानं ओरडून माणूस बोलवा. दुसरं कुणी असेल तर त्यानं 108 लावायचा, तुम्ही दाबायला लागायचं. एकट्याच असाल आणि मोबाईल हाताशी असेल तर फोन लावून स्पीकरवर ठेवा, बाजूला जमिनीवर ठेवा आणि दाबायला सुरुवात करा. मोबाईल जवळ नसेल किंवा रेंज नसेल, तर आधी दोन मिनिटं पूर्ण काम करा आणि मग बाळाला घेऊनच रेंज येते त्या जागी जा. बाळाला एकटं टाकून जायचं नाही.

सीमेवरच्या गावांत फोन कुठल्या राज्याच्या टॉवरवरून जाईल याचा भरवसा धरू नका. 108 कर्नाटकातही आहे आणि महाराष्ट्रातही, 112 सुद्धा दोन्हीकडे चालतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव या क्रमानं सांगा: "कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका, अमुक गाव." त्यानंतर खुणेची जागा. "मारुतीच्या देवळाच्या मागं" असं सांगताना कुठल्या गावातलं देऊळ ते आधी सांगितलेलं असावं. पलीकडचा माणूस कन्नड बोलत असेल आणि आपल्याला ते नीट येत नसेल, तर दोन वाक्यं पाठ असू द्यात: "मगू उसिराडुत्तिल्ल", म्हणजे बाळ श्वास घेत नाही, आणि "बेग आंब्युलेन्स कळिसि", म्हणजे लवकर गाडी पाठवा. ही वाक्यं आणि घराचा पत्ता वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ चिकटवा. घाबरलेल्या माणसाला आपला वॉर्ड नंबरही आठवत नाही.

निपाणी-कागल भागात आणखी एक घोटाळा होतो. छाती दाबून श्वास देण्याच्या या उपायाला इंग्रजीत "सीपीआर" म्हणतात, पण तिकडे "सीपीआर" म्हटलं की लोकांना त्याच नावाचा कोल्हापूरचा सरकारी दवाखाना आठवतो. तुम्ही "सीपीआर द्या" म्हणून ओरडाल आणि शेजारी गाडी काढायला धावतील. त्यापेक्षा सरळ "छाती दाबा" असंच ओरडा.

बाळाला कुठं ठेवायचं

झोळीत, पाळण्यात, गादीवर, मांडीवर दाबलं तर बाळ खाली जातं आणि छाती दबतच नाही. फरशी, ओटा, लाकडी फळी, टेबल, काहीही चालेल, फक्त टणक आणि सपाट हवं. फरशी गार असेल तर एकच पातळ चादर घाला. बाळाला गुंडाळलेलं कापड सोडा, झबलं वर करा. गळ्यात काळे मणी किंवा ताईत असेल तर खांद्याकडे सरकवा. करदोड्याची गाठ सोडत बसू नका, तो मध्ये येत नाही.

दोन अंगठ्यांनी दाबणं

सगळ्यात चांगली पद्धत हीच. ती नीट कळली तर अर्धं काम झालं, म्हणून जरा सावकाश सांगते.

बाळाच्या पायांकडे किंवा कुशीशी गुडघे टेकून बसा. दोन्ही हातांनी छातीला वेढा घाला, म्हणजे चार-चार बोटं पाठीखाली जातील आणि दोन्ही अंगठे पुढं राहतील. बाळाच्या दोन स्तनाग्रांना जोडणारी एक रेषा मनात आखा. त्या रेषेच्या किंचित खाली, छातीच्या मधल्या हाडावर अंगठे शेजारी शेजारी टेकवा. बाळ फारच लहान असेल तर अंगठ्यावर अंगठा ठेवला तरी चालतो. अंगठे डावीउजवीकडे बरगडीवर जायला नकोत, आणि हाड जिथं संपून पोट सुरू होतं त्या टोकावरही नकोत. तिथं दाबलं तर यकृताला इजा होऊ शकते.

आता अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. पाठीखालची बोटं आधारासाठी असतात, त्यांनी आवळायचं नाही. नवी माणसं हमखास छाती दोन्ही बाजूंनी पिळल्यासारखी धरतात आणि अंगठे जेमतेम हलतात. जोर अंगठ्यांतूनच जायला हवा.

किती खोल दाबायचं? छातीच्या जाडीचा निदान तिसरा हिस्सा. वर्षाच्या आतल्या बाळात हे साधारण 4 सेंटीमीटर, म्हणजे दीड इंच होतं. ऐकायला हे फार वाटतं. म्हणूनच बहुतेक जण कमी दाबतात. शिकायला आलेल्या बायकांच्या हातात मी बाहुली देते, तेव्हा बांगड्या खणखण वाजत असतात आणि बाहुलीची छाती मात्र जागची हलत नसते. बाजूला बसलेली आज्जी म्हणते, "अगं बाई, बरगडी मोडंल की गं लेकराची." आज्जीची काळजी खरी आहे. पण बाळाच्या बरगड्या मऊ आणि लवचिक असतात, नीट दाबलं तर त्या मोडणं फार क्वचित घडतं. आणि समजा मोडलीच, तर मोडलेली बरगडी भरून येते. रक्त न पोचलेला मेंदू भरून येत नाही. दाबताना तुमच्या अंगठ्यांची नखं पांढरी पडत नसतील तर जोर बहुधा कमीच पडतो आहे.

जितकं दाबणं महत्त्वाचं, तितकंच सोडणंही. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. त्या क्षणीच हृदयात पुन्हा रक्त भरतं. अंगठे मात्र कातडीवरून उचलू नका, नाहीतर जागा हलते. दाबायला जितका वेळ, सोडायलाही तितकाच.

वेग मिनिटाला 100 ते 120. म्हणजे तीस दाब साधारण 15 ते 18 सेकंदांत व्हायला हवेत. मराठीत मोजताना एक अडचण येते. "एकोणीस", "सव्वीस", "एकोणतीस" म्हणेपर्यंत हात मंदावतो आणि मोजणीही चुकते. म्हणून तीसपर्यंत मोजूच नका. एक ते दहा असं तीन वेळा मोजा, मोठ्यानं. बाजूच्या माणसालाही कळतं की आता श्वासाची वेळ आली.

एका हातानं दाबणं

दहा-अकरा महिन्यांचं अंगानं भरलेलं बाळ असेल, किंवा दाबणारीचे हात लहान असतील, तर छातीला वेढा पुरत नाही. मग एकाच हातानं दाबा. तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग त्याच जागी, म्हणजे स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, मधल्या हाडावर टेकवा. बोटं वर उचलून ठेवा, म्हणजे बरगडीवर भार येणार नाही. दुसरा हात बाळाच्या कपाळावर ठेवा, डोकं जागचं हलणार नाही. खोली, वेग, पूर्ण सोडणं, सगळं तेच.

एकट्या माणसाला या पद्धतीचा एक फायदा होतो. श्वास देऊन परत दाबायला येताना वेळ कमी जातो, कारण कपाळावरचा हात तिथंच असतो. तरी वेढा पुरत असेल तर अंगठ्यांचीच पद्धत घ्या, हात उशिरा थकतात.

पूर्वी एकट्या माणसानं दोन बोटांनी दाबावं असं शिकवलं जायचं. जुन्या तक्त्यांवर आणि मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत अजूनही तेच दिसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत काढून टाकली, कारण बोटांनी पुरेशी खोली गाठली जात नाही. ज्यांनी आधी प्रशिक्षण घेतलं आहे, त्यांनी हा बदल लक्षात घ्यावा.

दोन श्वास

तीस दाब झाले की दोन श्वास.

बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. उताणं ठेवलं की हनुवटी आपोआप छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट दबते. मोठ्या माणसासारखी मान खूप मागं टाकली तरी बाळाची श्वासनलिका बंद होते. म्हणून मध्यम ठेवा, नाक सरळ छताकडे. खांद्याखाली दुमडलेला पंचा किंवा लंगोटाची घडी सरकवली की मान बरोबर बसते. हनुवटीच्या हाडाखाली एक बोट लावून किंचित वर उचला. हाडाखालच्या मऊ भागावर दाबू नका.

तुमचं तोंड बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असं घट्ट टेकवा. फक्त गालात मावेल एवढीच हवा एका सेकंदात हळू सोडा. डोळ्याच्या कोपऱ्यातून छातीकडे बघा. छाती वर आली, बस्स. त्याहून जास्त फुंकलं तर हवा पोटात जाते, बाळ ओकतं आणि ते छातीत जायची भीती असते. तोंड काढा, छाती खाली बसू द्या, दुसरा श्वास द्या. छाती वर आली नाही तर डोकं पुन्हा नीट करून दुसरा प्रयत्न करा. दोन प्रयत्नांनंतर झालं न झालं, परत दाबायला या. हे सगळं दहा सेकंदांत आटपायचं.

तोंडात दूध किंवा ओकारी दिसत असेल तर बाळाला चटकन कुशीवर करून कापडानं टिपून घ्या. दिसत नसेल तर तोंडात बोट घालून शोधू नका.

असा तीस-दोन, तीस-दोनचा क्रम चालू ठेवा. दोन मिनिटांत साधारण पाच फेऱ्या होतात. घरात दोघं असतील तर दर दोन मिनिटांनी माणूस बदला, थकल्याचं कळलं नाही तरी बदला, कारण हात आधी थकतात आणि आपल्याला ते नंतर जाणवतं. दोघंही प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी असतील तर क्रम पंधरा-दोन. घरच्यांनी दोघं असले तरी तीस-दोनच ठेवावा. दोन वेगळे आकडे लक्षात ठेवण्यात काही हशील नाही.

घशात काही अडकलं असेल तर

आपल्या भागातल्या घरात खाली सांडलेले शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, बोराच्या बिया असतातच. सुगीत अंगणभर शेंगा पसरलेल्या असतात आणि बाळ नुकतंच रांगायला लागलेलं असतं.

बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर हात लावू नका, खोकू द्या. आवाजच येत नसेल, खोकला फुटत नसेल, ओठ काळेनिळे पडत असतील, तर बाळाला तुमच्या हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या. डोकं छातीपेक्षा खाली असावं आणि तुमच्या बोटांनी त्याचा जबडा धरलेला असावा. हात मांडीवर टेका. तळव्याच्या जाड भागानं दोन्ही खवाट्यांच्या मधोमध पाच थापा मारा. दणकून मारा, कुरवाळल्यासारख्या नकोत. निघालं नाही तर बाळाला उताणं करा, डोकं खालीच ठेवा आणि छातीवर दाबायच्या त्याच जागी एका हाताच्या तळव्यानं पाच वेळा झटक्यानं दाबा. पाच थापा, पाच दाब, असं आलटून पालटून करत राहा. मोठ्यांना करतात तसं पोट मात्र दाबायचं नाही.

बाळ निपचित पडलं की थापा थांबवा, टणक जागेवर ठेवा आणि तीस-दोन सुरू करा. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघा. अडकलेली वस्तू दिसली तरच करंगळीनं बाजूनं काढा.

पाय धरून उलटं लोंबकळवणं, टाळूवर तेल थापणं, नाकाशी कांदा फोडणं, तोंडात पाणी घालणं, हे आपल्याकडे मायेपोटीच केलं जातं. यातलं काहीही करू नका. बेशुद्ध बाळाच्या तोंडात गेलेलं पाणी छातीत उतरतं, आणि बाकीच्या उपायांत हाताशी असलेली मिनिटं निघून जातात.

नुकतंच जन्मलेलं बाळ

याचं गणित वेगळं आहे. दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच बाळंतपण झालं आणि बाळ रडलं नाही, तर आधी कोरड्या कापडानं चांगलं पुसा, ओलं कापड टाकून द्या, पाठ चोळा, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घाला. बहुतेक बाळं एवढ्यानंच श्वास घेतात. तरी घेतला नाही तर वर सांगितल्यासारखा हळू श्वास द्या. पहिल्या मिनिटाच्या आत श्वास पोचवणं हेच इथं मुख्य. छाती दाबण्याची वेळ त्यानंतर, ठोके मिनिटाला 60 च्या खालीच राहिले तर येते, आणि तेव्हा प्रमाण तीन दाबांना एक श्वास असं असतं. ते प्रशिक्षित हातांचं काम.

या बाबतीत बेळगावचं नाव जगभरच्या वैद्यकीय लिखाणात आलेलं आहे. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी "हेल्पिंग बेबीज ब्रीद" या प्रशिक्षणाचा अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. ग्रामीण आरोग्य केंद्रांतल्या आणि शहरी दवाखान्यांतल्या 599 जणांना, बाळंतपण करणाऱ्यांना, हे शिकवलं गेलं. त्यानंतर मृतजन्माचं प्रमाण 3.0 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं. त्या प्रशिक्षणात छाती दाबणं नव्हतंच. पुसणं, चोळणं आणि वेळेवर नाकातोंडावर मास्क लावून हातानं दाबायच्या फुग्यानं हवा देणं, एवढंच होतं. श्वास नसलेली म्हणून मेलेली समजली जाणारी काही बाळं खरं तर जिवंत असतात, हे त्यातून दिसलं. म्हणून आम्ही श्वासाबद्दल इतक्या आग्रहानं बोलतो.

गाडी येणारच नसेल तर

पुलावर पाणी आलं, वाट बंद झाली, ॲम्ब्युलन्सला तासभर लागेल असं कळलं, अशी वेळ खानापूरच्या जंगलातल्या गावांना येते. तरीही आधी घरातच निदान दोन मिनिटं नीट काम करा, कधी कधी तेवढ्यात बाळ आचका सोडून खरा श्वास घेतं. निघावंच लागलं तर चारचाकीतून निघा. एक माणूस चालवायला, दोघं मागं. सीटवर फळी किंवा पाट ठेवून त्यावर बाळाला निजवा आणि दाबणं चालू ठेवा. गाडीच्या हिसक्यांत हात घसरतो, म्हणून चालवणाऱ्यानं सावकाश चालवावं. दुचाकीवर बाळाला पोटाशी धरून निघालात तर दाबणं थांबतंच, म्हणून श्वास थांबलेलं बाळ दुचाकीवरून नेऊ नका.

निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं आणि बेळगाव लांब. राज्य कुठलं याचा विचार अशा वेळी करू नका, जिथं बालरोगतज्ज्ञ आणि प्राणवायू आधी मिळेल तिथं न्या. कुणीतरी पुढं फोन करून "श्वास थांबलेलं बाळ आणतोय" असं कळवलं तर तिथली माणसं तयारीत राहतात.

कधी थांबायचं आणि मग काय

बाळ स्वतः श्वास घ्यायला लागलं, रडलं, हातपाय हलवले, तर थांबा. ॲम्ब्युलन्सच्या किंवा दवाखान्याच्या माणसांनी ताबा घेतला तर थांबा. एरवी अंगात त्राण आहे तोवर थांबू नका. "आता काय उपयोग" असं शेजारचं कुणी म्हणालं तरी थांबू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे.

श्वास परत आला तर बाळाला कुशीवर ठेवा, कोरड्या कापडात ऊब द्या आणि छातीवर नजर ठेवा. श्वास पुन्हा थांबू शकतो. लगेच दूध पाजू नका. बाळ हसायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण छातीत गेलेलं दूध किंवा पाणी पुढच्या काही तासांत त्रास देतं. डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: बाळ शेवटचं ठीक कधी दिसलं, काय खाताना किंवा करताना झालं, दाबायला कधी सुरुवात केली, आणि किती वेळानं श्वास आला. घड्याळ बघायचं काम पहिल्यापासून घरातल्या एखाद्या शाळकरी पोराला देऊन टाका. पोरं ते काम मन लावून करतात, आणि त्यांना घाबरून कोपऱ्यात उभं राहावं लागत नाही.

सराव

वाचून हे अंगात येत नाही. रबरी बाहुली घ्या, नसेल तर मोठा टॉवेल बाळाच्या छातीएवढा घट्ट गुंडाळा, त्यावर पेननं दोन ठिपके काढा आणि दोन अंगठ्यांनी तीस दाब मोजून बघा. घरातल्या प्रत्येकानं एकेकदा करावं. मोबाईलमध्ये ताल मोजणारं ॲप असेल तर मिनिटाला 110 वर लावा, हाताला वेग लगेच कळतो. चांगल्या, जागत्या बाळावर सराव कधीही करू नका, हळू दाबूनसुद्धा नको.

खरं प्रशिक्षण मिळालं तर सोडू नका. बेळगावात बिम्स (बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) आणि जवाहरलाल नेहरू, अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बालरोग विभागात जाऊन विचारा, आमच्या गावासाठी वर्ग घेता येईल का. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे डॉक्टरही जीवरक्षणाचं प्रशिक्षण देतात. महिला मंडळ, बचत गट, अंगणवाडीची माता बैठक, किंवा चिक्कोडी-निपाणीकडे हंगामात ऊसतोड मजुरांचा तळ पडतो तिथं, दहा-बारा जणी जमल्या तरी वर्ग होतो. तळावरची बाळं उसाच्या फडाशेजारी झोळीत असतात आणि आया दिवसभर कोयत्यावर, म्हणून त्या बायकांना आणि बाळांवर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या पोरींना हे आधी शिकवा. वर्गाला बाळाच्या आकाराचा पुतळा आणायला आवर्जून सांगा. मोठ्या माणसाच्या पुतळ्यावर शिकून बाळाची जागा आणि खोली हाताला कळत नाही.